पुण्यात जॉबला आल्यापासून चर्च सुटलं, प्रार्थनेत मन लागत नाही. ख्रिस्ती विश्वासात खंबीर कसं राहायचं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 24, नगरहून पुण्यात आलास, नाइट शिफ्ट, रविवारी जाग येते तेव्हा दुपार झालेली असते, प्रार्थनेला बसलं की मन भलतीकडेच, त्यात रूममेट टोमणे मारतात आणि आता तुला वाटायला लागलंय की आपला विश्वास मुळात होता तरी का, की नुसती घरची सवय होती. तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे.

मी काही पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, पिंपरीला एका वर्कशॉपमध्ये काम करतो, मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला. तुझ्यासारखंच माझं झालेलं आणि तुझ्याहून वाईट झालेलं म्हणून लिहितोय.

वडील आजारी होते तेव्हा कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही त्यांना एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करतो म्हणणाऱ्यांच्या सभेला, घेऊन गेलो. स्टेजवरून प्रार्थना झाली, आम्ही घरी आलो, आणि पंधरा दिवसांत वडील गेले. मातीच्या वेळी त्याच सभेतला एक माणूस आईला म्हणाला की तुमचा विश्वास कमी पडला ताई. आई काही बोलली नाही, पदर सारखा करत बसली. मी मात्र त्या दिवशी मनातून बाहेर पडलो, पुढची दोन वर्षं चर्चची पायरी चढलो नाही आणि बायबल कपाटावर धूळ खात पडलेलं.

परत कसा आलो ते ऐक, त्यात चमत्कार वगैरे काही नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, त्यांच्या मुलाची रविवारची शिफ्ट लागली आणि त्यांनी मला विचारलं, बाळा मला तेवढं देवळात सोडशील का (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात). नाही कसं म्हणणार? मग दर रविवारी अ‍ॅक्टिव्हावर आजी मागे, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गीतांचं पुस्तक, त्याला पेपरचं कव्हर घातलेलं, ते पण तेलकट झालेलं. पहिले दोन रविवार मी बाहेर गाडीवरच मोबाइल बघत बसलो. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या आत ये, मोतीबिंदूमुळे मला नंबर दिसत नाही, तू काढून दे आणि मोठ्यानं म्हण म्हणजे मला कळंल कुठली ओळ चालू आहे. मी काढून दिलं, म्हणायला लागलो, आणि पेटी तबला सुरू झाल्यावर लक्षात आलं की पुस्तकाकडे न बघताच शब्द तोंडातून येतायत, संडेस्कूलमध्ये पाठ केलेले. मनातून मी तेव्हाही कोराच होतो हे खरं सांगतो. पण तोंड म्हणत होतं आणि बाजूला आजी बेसूर म्हणत होत्या.

म्हणून माझं मत असं की खंबीर विश्वास म्हणजे सारखं भरून येणं नाही. ते येतं आणि जातं. एकट्याने खोलीत दात-ओठ खाऊन तो धरून ठेवायला गेलास तर निसटणारच, दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. बायबलमध्ये इब्री 10:25 मध्ये एकत्र जमणं सोडू नका असं लिहिलंय ते मला आधी हजेरीचा नियम वाटायचं, आता वेगळं वाटतं.

शंका येते म्हणून घाबरू नकोस. मार्क 9 मधला तो बाप आठव, आजारी पोराला घेऊन आलेला, माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालव हे एकाच दमात बोलतो, आणि येशू त्याला आधी विश्वास पक्का कर मग ये असं म्हणत नाही, पोराला बरं करतो. आजींना मी संध्याकाळी वाचून दाखवायचो तेव्हा एकदा स्तोत्र 88 आलं. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी बाकीच्या स्तोत्रांसारखी स्तुती वगैरे काही नाही. मी म्हणालो आजी हे काय, ह्याला तर देव भेटलाच नाही. तर म्हणाल्या, "अरे मग? पण तक्रार देवाकडेच केली ना त्यानं, शेजाऱ्याकडे नाही गेला." त्यानंतर मी वडिलांबद्दलचं सगळं प्रार्थनेत बोलायला लागलो, भांडलोसुद्धा.

आणि तुझी नाइट शिफ्ट, हे लोक लक्षातच घेत नाहीत. 1 राजे 19 काढ. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली जाऊन पडतो आणि मरण मागतो. देवदूत येऊन उपदेश करत नाही, ऊठ आणि खा म्हणतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं, तो खाऊन परत झोपतो, परत उठवून परत खायला देतो, होरेब डोंगरापर्यंतचा प्रवास त्याच्या नंतर. तू आठवडाभर चार-चार तास झोपत असशील तर प्रार्थनेत डुलकी येणारच, त्याला सैतानाचा हल्ला म्हणायची गरज नाही. सकाळची उपासना जमत नसेल तर संध्याकाळची शोध, पुण्यात मिळते, शक्यतो मराठीच बघ.

आता रूममेट. परक्यांचा धर्म, पैशासाठी बाटले, हेच ना? ग्रुपवर वाद घालत बसू नकोस, मी घातलाय, रात्री दोन वाजेपर्यंत, हाती काही लागत नाही. पण स्वतःसाठी तरी आपला इतिहास माहीत पाहिजे. तुझ्या नगरातून 1842 ला ज्ञानोदय हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक निघालं. नगरहून रेल्वेने येताना दौंडनंतर केडगाव लागतं ना, तिथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि तिथल्याच बायकांनी छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवून ते छापलं. कवी ना. वा. टिळकांचा 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, ते अजिबात मान्य नव्हतं, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, सोवळं पाळत राहिल्या, कोणी वादात हरवलं म्हणून नाही तर स्वतःला पटलं तेव्हा 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 ला गेले, ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलेलं, ते पुढे ह्याच बाईंनी पुरं केलं, शाळेत कधी न गेलेल्या. मला तर टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईच जास्त जवळच्या वाटतात, कारण त्यांनी स्वतःचा वेळ घेतला.

एक सावधगिरी. यूट्यूबवर अमुक रुपयांचं बी पेरा मग आशीर्वाद येईल म्हणणारे भेटतील, आणि तू सध्या हळवा आहेस. ज्याच्या बोलण्यात दुःखाला जागाच नाही त्याच्यापासून लांब राहा, आमच्या आईचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

रोज तासभर प्रार्थना वगैरे संकल्प करू नकोस, तीन दिवसांत मोडेल आणि मग अजून अपराधी वाटेल. शिफ्टला जाताना बसमध्ये एक स्तोत्र वाच, मोबाइलवर वाचलंस तरी चालतं. आणि ह्या रविवारी संध्याकाळी नुसता जाऊन बस, शेवटच्या बाकावर, काही वाटलं नाही तरी बस. आशीर्वाद झाला की लगेच बाइक काढून पळू नकोस, बाहेर चहा असतो, जरा जास्तच गोड असतो, कोणीतरी म्हातारी विचारेलच कुठला रे तू, कोणाचा.