गिऱ्हाइकांना अडचण सांगितली, तर ती निघून जातील का?

मंदीत माझ्याकडे येणाऱ्या छोट्या दुकानदारांच्या बोलण्यात एक भीती हमखास असते. धंदा बसल्याची काळजी तर असतेच, पण तो बसलाय हे कुणाला कळू नये, याची धास्ती त्याहून मोठी. खाद्यपदार्थांचं स्वतःचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांची गोष्ट त्यांच्या संमतीने, ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

ते आले होते झोप लागत नाही म्हणून. पहाटे तीनला जाग यायची आणि डोक्यात हिशेब सुरू व्हायचे. अनेक वर्षं नीट चाललेलं दुकान. मग आजूबाजूच्यांच्या नोकऱ्या गेल्या, पगार कापले गेले आणि गल्ला रोडावला. अशा वेळी बहुतेक जण करतात तेच त्यांनी केलं: भाव उतरवले आणि गप्प राहिले. कर्ज किती झालंय, हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

"मॅडम, दुकान डबघाईला आलंय असं एकदा कळलं ना, की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. बुडत्या दुकानात कोण येतं?"

"तुमच्याशी असं कुणी वागलंय?"

बराच वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "अजून नाही."

पैशाच्या काळजीवर नुसते श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आम्ही आधी कागद-पेन घेतलं. १०० ला विकलेल्या मालात त्यांना ३० सुटत होते. दहा टक्के सूट दिली की हातात ९० येणार, मालाचे ७० तसेच जाणार, उरणार २०. म्हणजे आधीइतकेच पैसे सुटायला दीडपट माल खपायला हवा, तोही लोकांचे खिसे रिकामे असताना. घाऊक खरेदीच्या जोरावर मोठ्या दुकानांना हा खेळ परवडतो. यांच्या बाबतीत भाडं, मजुरी आणि संध्याकाळी फेकून द्यावा लागणारा शिळा माल यांतच ते २० संपत होते. हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात मांडलं आणि म्हणाले, "म्हणजे मी रोज जास्त राबून कमी कमावतोय."

पुढच्या भेटीला मी त्यांना उधारीची वही आणायला सांगितली. कोपरे झिजलेली, लांबट वही. काही नावांपुढे रकमेबरोबर बारीक अक्षरात टिपणं होती: 'काम सुटलं', 'आई दवाखान्यात', 'पगार झाला की'. मी पानं उलटत राहिले. मग विचारलं, "इतक्या लोकांनी तुम्हाला आपली अडचण सांगितली. त्यांतलं कोण तुमच्या नजरेतून उतरलं?"

त्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांचं सुखदुःख त्यांना माहीत होतं आणि त्यांचं मात्र कुणालाच नाही. ओळखीच्या माणसाचं दुकान ही छोट्या दुकानाची खरी पुंजी, आणि लाजेपायी तिलाच ते कुलूप घालून बसले होते.

लोकांच्या भरवशावर खाण्यापिण्याचं दुकान उभं राहणं नवं नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे १८४४ च्या हलाखीत विणकरांनी आणि इतर कामगारांनी थोडे-थोडे पैसे साठवून पीठ, लोणी, साखर असा मोजकाच माल ठेवणारं दुकान काढलं. भेसळ नाही, मापात खोट नाही, आणि नफा वाटायचा तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. पण विक्री रोखीनेच, कारण त्याच गावातला आधीचा असा प्रयत्न उधारीपायी बुडाला होता. अमेरिकेत ग्रेट बॅरिंग्टन इथे १९८९ मध्ये खाण्याचं दुकान चालवणाऱ्या एकाला नव्या जागेसाठी बँकेने कर्ज नाकारलं. त्याने गिऱ्हाइकांना ८ डॉलरला एक कूपन विकलं, ज्यावर पुढे १० डॉलरचं खाणं मिळणार होतं. ५,००० डॉलर उभे राहिले. मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते: कूपनं वटवायच्या तारखा पुढेमागे ठेवल्या होत्या, त्यामुळे सगळे एकाच दिवशी दारात आले नाहीत.

आमच्या गृहस्थांनी सुरुवात घरातून केली. बायकोला सगळे आकडे दाखवले. ती चिडली, मंदीवर नाही, तिच्यापासून लपवलं म्हणून. मग जुन्या, विश्वासाच्या तीन गिऱ्हाइकांशी ते बोलले. "मदत करा" असं मोघम बोलायचं नाही, हे आम्ही ठरवलं होतं. मोघम विनंतीने ऐकणाराही अवघडतो. त्यांनी विचारलं, "आठवड्याला काय लागेल ते आधी सांगाल का? आणि जमलं तर निम्मे पैसे आगाऊ द्याल?" तिघंही हो म्हणाले. एका बाईंनी तर शेजारणींची नावं लिहून आणली. किती माल करायचा हे आदल्या दिवशी कळू लागलं, तशी नासाडी घटली. शेजारच्या दुकानदाराबरोबर त्यांनी कच्चा माल एकत्र मागवायला सुरुवात केली. हे त्यांना आधीही करता आलं असतं, पण त्यासाठी अडचण बोलून दाखवावी लागणार होती.

सगळं गोड झालं असं नाही. काही जण स्वस्त माल शोधत गेले ते गेलेच. त्यांच्यावर रागावू नका, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. उधारीला त्यांनी मर्यादा घातली आणि ती प्रत्येकाला बाजूला घेऊन, तोंडावर सांगितली. हे त्यांना सगळ्यांत जड गेलं.

तुम्हीही असं काही करणार असाल, तर आधी हिशेब तपासा. आगाऊ घेतलेला पैसा ही कमाई नसते, ते लोकांचं देणं असतं. त्यातून जुनी कर्जं फेडू नका. भाव आणि खर्च सावरूनही प्रत्येक विक्रीत तोटाच होत असेल, तर आगाऊ रक्कम घेऊच नका. अशा वेळी दुकान आवरतं घेण्याचा विचार हिशेबनिसाबरोबर बसून करावा, आणि घरच्यांना त्या बैठकीत पहिल्या दिवसापासून बसवावं.