वाचक विचारतात : कोथरूडमध्ये पळायचं कुठे आणि सायकल काढायची कुठे?

प्रश्न : ताई, आम्ही नुकतेच डोंबिवलीहून कोथरूडला राहायला आलोय, पौड रोडपासून जवळच. मला रोज पळायची सवय आहे. इथे ज्याला विचारावं तो म्हणतो टेकडीवर जा, पण टेकडीवर रोज पळणं गुडघ्यांना झेपेल का? आणि ऑफिसमुळे मला साडेपाचलाच निघावं लागतं, थंडीत तेव्हा मिट्ट काळोख असतो. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी घड्याळ बघायचं आणि मग रूट ठरवायचा, किलोमीटर नंतर. कोथरूडमध्ये पहाटे साडेपाचला जो रस्ता मस्त असतो तोच आठ वाजता स्कूलबस आणि रिक्षांनी भरलेला असतो, त्यामुळे कोणी नुसतं "अमुक रस्ता चांगला आहे" म्हटलं तर त्याला आधी विचारा, किती वाजता?

जानेवारीत पुण्यात सूर्य उगवायलाच सात वाजून जातात, म्हणजे साडेपाचला निघून वेताळ टेकडी नकोच. तुम्ही एकट्या असाल तर मुळीच नको. वर दिवे नाहीत, आणि पावसाळा संपला की गवत गुडघ्याच्या वर जातं, त्यात घोणस असू शकते. तुमच्या वेळेला म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा डीपी रोड धरा. रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, दिवे आहेत आणि पळणारी-चालणारी माणसं त्या वेळेला दिसतात, ही सगळ्यात मोठी गोष्ट. फक्त संध्याकाळी तिकडे जायच्या भानगडीत पडू नका, दोन्ही बाजूंना मंगल कार्यालयं आणि लॉन्स आहेत, लग्नसराईत वराती, पार्किंग शोधणाऱ्या गाड्या आणि घोडा सगळं एकाच वेळी रस्त्यावर असतं. पळताना उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा आणि एक कान मोकळा ठेवा.

टेकडी रविवारसाठी राखून ठेवा, उजाडल्यावर. एआरएआय या गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेच्या बाजूने वर गेलात की खाणीकडे आणि तिथून वेताळाच्या देवळाकडे पायवाटा जातात, वरचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे. गुडघ्यांचं म्हणाल तर तिथली माती सोसायटीतल्या सिमेंटच्या रस्त्यापेक्षा पायाला खूप बरी वाटते, खरा त्रास उतारावर होतो. ऑक्टोबरनंतर मुरूम सुटा होतो आणि बुटाखाली खड्यांसारखा घरंगळतो, लोक चढताना नाही, उतरताना पडतात. म्हणून उतार चालत उतरा, लाज वाटायचं काही कारण नाही, वर्षानुवर्षं टेकडीवर येणारेसुद्धा तसंच करतात. आणि फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकवर पळू नका, एखादा ब्लॉक हललेला असतो आणि घोटा तिथेच मुरगळतो.

प्रश्न : नमस्कार, मला रविवारी सायकलवर खडकवासल्यापर्यंत जायचंय. चांदणी चौकातून जाऊ की सिंहगड रोडने? मित्र म्हणतात एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल घे आणि सरळ टेकडीवर चल. – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : मित्रांचं ऐकू नका. टेकडीच्या पायवाटा चालणाऱ्यांच्या आहेत, त्यात आजी-आजोबा असतात, लहान मुलं असतात, वळणावरून अचानक सायकल आली की ते दचकतात, आणि पावसाळ्यात टायरने पडलेल्या चरांतून पाणी वाहून वाट उखडत जाते. पळायला टेकडी, सायकलला रस्ता, हे माझं ठाम मत आहे.

खडकवासल्याला जायला चांदणी चौक–एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) रस्ता बेस्ट. दोन्ही बाजूंना एनडीएची झाडी आहे, थोडा चढउतार आहे आणि सकाळी लवकर गाड्या कमी. पुढे कोंढवे धावडेवरून धरणाकडे जायचं, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात, पहिल्या रविवारला तेवढं पुरे. अडचण एकच, चांदणी चौक. जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवीन चौक सुरू झाला, गाड्यांची सोय झाली पण इतके रॅम्प आणि फाटे झालेत की सायकलवाला चुकून हायवेला लागू शकतो. म्हणून आधी एकदा दिवसाउजेडी दुचाकीवरून जाऊन तुमची लेन कुठे फुटते ते नीट बघून या, आणि रविवारी शंका आली तर सायकलवरून उतरून ढकलत न्या.

निघायचं सहाला आणि धरणावरून परत फिरायचं साडेआठच्या आत. त्यानंतर चौपाटीवर भजी आणि कणसं खायला गर्दी सुरू होते, गाड्या कशाही लागतात, दरवाजे मागे न बघताच उघडतात. परत येताना सिंहगड रोड नको, धायरी फाट्याच्या आसपास तुमचा सगळा उत्साह संपेल. रस्त्यावरच्या गटाराच्या जाळ्यांवर लक्ष ठेवा, ज्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतात त्यात रोडबाइकचं बारीक चाक अडकतं. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा.

सिंहगडाच्या घाटाची घाई नको. पायथ्यापासून नऊ-दहा किलोमीटर नुसता चढ आहे आणि उतरताना ब्रेक तापतात. पावसाळ्यात दरड पडते तेव्हा घाट बंदही ठेवतात, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा.

कुत्री मागे लागतात हे तुम्ही विचारलं नाहीत पण सगळेच विचारतात, म्हणून सांगते. वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि शांतपणे चालत पुढे जा, बहुतेक वेळा कुत्रं कंटाळून मागे फिरतं.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, क्लासला सायकलने जाईन म्हणतो. सायकल ट्रॅकवरून पाठवू का? – एक आई, कोथरूड

उत्तर : पाठवा, पण ट्रॅकच्या भरवशावर नाही. महापालिकेने 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला होता आणि तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आज ट्रॅक दिसतो तिथे मध्येच विजेचा डीपी बॉक्स, टपरी किंवा उभी केलेली स्कूटर असते आणि पोराला वाहत्या रस्त्यावर उतरावंच लागतं. मुलांसाठी जोडलेला, सलग रस्ता असणं ही चैन नाही, नगरसेवकाकडे हे मागायलाच हवं, मी स्वतः मागत असते.

तोपर्यंत आतल्या गल्ल्यांमधून रूट काढा, लांब पडला तरी चालेल. मेन रोड फक्त सिग्नलला आणि चालत ओलांडायचा. पहिला आठवडा तुम्ही किंवा बाबा सायकलवर त्याच्या मागे रहा, पुढे नाही, म्हणजे तो वळणावर मागे बघतो का आणि हात दाखवतो का ते कळेल.