टाळाटाळ जात नाही, तरी काम होतं

भावा, अभ्यास टाळला जातो म्हणून स्वतःला आळशी म्हणतोस, ते आधी बंद कर. मी सांगलीत विश्रामबागला रूम घेऊन एमपीएससीचा अभ्यास करायचो तेव्हा रोज रात्री स्वतःला शिव्या घालून झोपायचो, आणि सकाळी पुस्तक उघडायच्या आधी रूम झाडायची, कपडे भिजवायचे, चहाला जायचं, असं करत दुपार व्हायची. शिव्यांनी भीती अजून वाढते रे. आपण कामाला टाळत नसतो, काम करताना जे नको नको वाटतं त्याला टाळत असतो, हे कळायला मला लई वेळ लागला.

काम एवढं बारीक कर की नाही म्हणताच येऊ नये. 'इतिहास करायचा' असं लिहू नको, 'पान ४२ उघडून पहिला परिच्छेद वाचायचा' असं लिही. मोबाईल दुसऱ्या खोलीत (नुसता उलटा ठेवून भागत नाही), साधं गजराचं घड्याळ घे, २५ मिनिटं बस, ५ मिनिटं उठ. ही पोमोडोरो पद्धत, फ्रान्चेस्को चिरिल्लोनं कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केलेली, इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. २५ जड जात असतील तर १० कर, चालतंय की.

टाळाटाळ मला आजपण होते. झाली की आयर्विन पुलापर्यंत चालून येतो आणि परत त्याच पानावर बसतो, गेलेल्या तासाचा हिशोब मांडत नाही.

आज झोपायच्या आधी उद्याचं पान उघडून टेबलावर ठेव. किती मिनिटं बसलास ते उद्या सांग मला.