रिअल-टाइम सिस्टिम्सच्या लॅबसाठी कोणता बोर्ड आणि कोणती ओएस घ्यावी?

बजेट बेताचं आणि मुलं तिसऱ्या वर्षाची, असं तुम्ही लिहिलंय. मग सरळ एसटीएमचे न्यूक्लिओ-एफ४४६आरई बोर्ड घ्या आणि त्यावर फ्रीआरटीओएस ही ठरल्या वेळेत काम उरकणारी (रिअल-टाइम) छोटी ओएस चालवा. डीबगर (प्रोग्राम चढवून त्यातल्या चुका शोधायचं साधन) बोर्डवरच असतो, त्यामुळे यूएसबी केबल लावली की काम सुरू. ओएस एमआयटी लायसन्सची, म्हणजे फुकट.

सगळे पैसे बोर्डांत घालू नका. दर दोन बोर्डांमागे एक स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर (पिनांवरचे सिग्नल टिपणारं उपकरण) ठेवा, सोबत ते सिग्नल दाखवणारं पल्सव्ह्यू सॉफ्टवेअर. टास्क सुरू होताना पिन हाय, संपताना लो केली की डेडलाइन कुठे हुकली ते स्क्रीनवर दिसतं. प्रिंटएफ (मजकूर छापणारी सी भाषेतली आज्ञा) टाकून वेळ मोजायला गेलात तर प्रिंटएफच वेळ खातो.

एक प्रयोग मात्र हमखास ठेवा. १९९७ मध्ये मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं, कारण प्रायॉरिटी इन्व्हर्जन, म्हणजे कमी महत्त्वाच्या टास्कमुळे जास्त महत्त्वाचा टास्क अडकून पडणं. लो, मीडियम, हाय अशा प्रायॉरिटीचे तीन टास्क लिहा आणि लो व हाय यांच्यात बायनरी सेमाफोर (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप) वापरा: मीडियम मध्येच घुसतो आणि हाय ताटकळतो. आता सेमाफोरच्या जागी म्यूटेक्स हे दुसऱ्या प्रकारचं कुलूप टाका. फ्रीआरटीओएसच्या म्यूटेक्समध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्स असतं, म्हणजे हाय वाट पाहत असेल तोवर लोला हायची प्रायॉरिटी मिळते, त्यामुळे वेव्हफॉर्म लगेच बदलतो. पाथफाइंडरलाही पृथ्वीवरून हेच इनहेरिटन्स चालू करून दिलं होतं.

लिनक्स चालवणारा रास्पबेरी पाय बोर्ड? सायक्लिकटेस्ट या चाचणी प्रोग्रामने लिनक्सचा जिटर (वेळेतली कमी-जास्त चूक) दाखवायला एखाद-दुसरा पुरे. लिनक्सला रिअल-टाइम बनवणारा प्रीएम्प्ट-आरटी हा भाग ६.१२ आवृत्तीपासून मुख्य लिनक्स कर्नलमध्येच आहे.