शिकवलं की सोडून जातात, मग बॉण्ड घ्यावा का?

"आम्ही शिकवून तयार करायचं आणि त्यांनी दुसरीकडे जायचं. आता बॉण्डच लिहून घेते, ठरावीक काळ सोडून जाणार नाही असा." एका रुग्णालयाच्या मेट्रन हे सांगताना रडवेल्या झाल्या होत्या. आयसीयूचं प्रशिक्षण घेतलेल्या तीन सिस्टर वर्षाच्या आत सोडून गेल्या होत्या.

प्रशिक्षणाचं वेळापत्रक ड्युटी रोस्टरशेजारी ठेवून पाहिलं. तिघींपैकी दोघी नाईट संपवून तशाच वर्गात बसलेल्या. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, प्रत्येक ५ ते ६ सेंटीमीटर खोल. ताजा माणूसही दोन मिनिटांत दमतो, म्हणून तर दाब देणारा माणूस बदलतात. रात्रभर जागलेल्या सिस्टरचे दाब उथळ पडले आणि शेरा मिळाला, 'लक्ष नाही'. ते तास ड्युटीत धरलेलेही नव्हते. वर प्रशिक्षण संपताच रवानगी जनरल वॉर्डात. व्हेंटिलेटरचे अलार्म शिकायचे आणि मग महिनोन्महिने व्हेंटिलेटर दिसायचाच नाही! जिथे हात चालवायला मिळेल तिथे ती जाणारच.

मेयर आणि ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: आपुलकीने राहणं, सोडलं तर नुकसान म्हणून राहणं, आणि राहायला हवं या कर्तव्यभावनेने राहणं. बॉण्ड यातल्या फक्त दुसऱ्या प्रकारालाच धरतो. आपुलकी वाढते ती 'माझ्यासाठी यांनी वेळ काढला' असं वाटलं तर.

मग ठरलं ते असं. वर्गाचे तास ड्युटीत धरायचे, नाईटनंतर वर्ग नाही. प्रशिक्षण संपल्यावर दोन आठवड्यांत आयसीयूत नेमणूक, सुरुवातीला अनुभवी सिस्टरसोबत. त्या अनुभवी सिस्टरकडचे रुग्ण मात्र कमी करायचे. हे हमखास राहून जातं. मग ती "नंतर दाखवते" म्हणते आणि ते 'नंतर' कधी येत नाही. प्रत्येक कौशल्यापुढे तीन रकाने: पाहिलं, देखरेखीखाली केलं, एकटीने केलं. सही झालेल्या तक्त्याची प्रत सिस्टरलाच द्यायची. "तोच कागद दाखवून बाहेर नोकरी मिळवतील की!" मेट्रन म्हणाल्या. काही जणी मिळवतीलही. पण कागद अडवून ठेवला, तर तुमचा विश्वास नाही एवढंच तिला कळतं. आणि पगार रखडत असेल, एकीवर तिघींचं काम पडत असेल, तर कुठलंही प्रशिक्षण तिला थांबवणार नाही.

पुढच्या तुकडीआधी मेट्रननी पहिल्यांदाच विचारलं, "तुम्हाला काय शिकायचंय?" एकीने डायलिसिस लिहिलं, दोघींनी जखमेचं ड्रेसिंग. आयसीयू मागणारी एकच निघाली. या वेळी तिलाच पाठवलं.