रामराज्य परिषद : उदय राजस्थानात, अस्तही तिथेच

प्रश्न : १९५२ च्या लोकसभा निकालांत जनसंघ आणि हिंदुमहासभा यांच्या जोडीने ‘अखिल भारतीय रामराज्य परिषद’ असे नाव दिसते. हा पक्ष कोणाचा होता? त्याचे आणि जनसंघाचे विचार एकच होते का? जनसंघाइतक्याच जागा मिळवूनही तो नाहीसा का झाला?

उत्तर : रामराज्य परिषद स्वामी करपात्री यांनी १९४८ मध्ये स्थापन केली. ओंजळ हेच भिक्षापात्र मानणारे म्हणून ‘करपात्री’ हे नाव मिळालेले हे संन्यासी मूळचे उत्तर प्रदेशातील प्रतापगड जिल्ह्याचे. शास्त्रार्थात निष्णात असलेल्या स्वामीजींनी पक्षाआधीच धर्मसंघ ही संस्था उभी केली होती, आणि पुढे मार्क्सवादाचे खंडन करणारा मोठा ग्रंथही लिहिला.

विचारांचा प्रश्न आधी घेऊ, कारण येथेच बहुतेकांची गल्लत होते. जनसंघाला हिंदू समाज एकसंध राष्ट्र म्हणून संघटित करायचा होता; करपात्रींना शास्त्राने सांगितलेली समाजरचना, वर्णव्यवस्थेसह, जशीच्या तशी टिकवायची होती. म्हणूनच राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांवरही त्यांनी सनातनी भूमिकेतून टीका केली. हिंदू कोड बिलातील घटस्फोटाच्या आणि मुलींच्या वारसाहक्काच्या तरतुदींविरुद्ध ते हिरिरीने उभे राहिले. १९५० च्या दशकात काशीच्या विश्वनाथ मंदिरात दलितांना प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी विरोध केला आणि पुढे काशीतच मीरघाटावर वेगळे विश्वनाथ मंदिर स्थापन केले. त्यांची विद्वत्ता आणि वैराग्य यांविषयी आदर बाळगूनही मला ही भूमिका अन्यायाची वाटते आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या पक्षाचे संस्थापक देवाच्या दारातच माणसांची विभागणी करतात, त्या पक्षाला सर्व हिंदूंच्या नावाने मते मागता येणे अवघड होते.

आता निकालाकडे वळू. १९५२ मध्ये लोकसभेत परिषदेला ३ जागा आणि सुमारे २ टक्के मते मिळाली. जनसंघालाही जागा ३ च मिळाल्या, मते मात्र ३ टक्क्यांच्या थोडी वर. हिंदुमहासभेने ४ जागा जिंकल्या. खरे आश्चर्य होते ते राजस्थान विधानसभेत. तेथील १६० जागांपैकी परिषदेने २४ जिंकल्या, जनसंघाने फक्त ८. संन्याशाच्या पक्षाला वाळवंटात एवढे बळ कुठून आले, याचे उत्तर धर्मात कमी आणि जमिनीत अधिक सापडते. जहागिरी खालसा करण्याचा कायदा तेव्हा येऊ घातला होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा महसूल हातचा जाणार म्हणून धास्तावलेल्या राजपूत जहागीरदारांना काँग्रेसविरोधी निशाण हवे होते, आणि पूर्वापार व्यवस्थेचा पुरस्कार करणारी परिषद त्यांना सोयीची पडली. या वर्गाचा जोर किती होता, हे एका निकालावरून कळते : मुख्यमंत्री जयनारायण व्यास उभे राहिलेल्या दोन्ही मतदारसंघांत पराभूत झाले, आणि जोधपूरमध्ये त्यांना हरवणारे होते स्वतः महाराजा हनवंतसिंह, अपक्ष म्हणून.

पण या आधाराचे आयुष्य त्या भांडणाइतकेच होते. जहागिरी गेल्या, भरपाईची बोलणी झाली, काही जण काँग्रेसकडे वळले, आणि १९५९ मध्ये ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष निघाल्यावर उरलेल्यांना अधिक सोयीचे घर मिळाले. राजस्थान विधानसभेतील परिषदेच्या जागा १९५७ मध्ये १७ वर आल्या आणि १९६२ मध्ये अवघ्या ३ उरल्या. त्याच वर्षी स्वतंत्र पक्षाने तेथे ३६ जिंकल्या. दरम्यान १९५५-५६ मध्ये हिंदू विवाह आणि वारसा कायदे संमत झाल्याने परिषदेचा दुसरा मुख्य मुद्दाही मागे पडला. लोकसभेत १९६२ मध्ये तिला २ जागा मिळाल्या, त्यापुढे उतरणच होती. गोरक्षणाच्या मागणीसाठी ७ नोव्हेंबर १९६६ रोजी संसदेसमोर झालेल्या विराट निदर्शनांत करपात्री अग्रभागी होते. गोळीबार झाला, गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांना पद सोडावे लागले. पण हा जनक्षोभ मतपेटीत उतरवण्यासाठी लागणारे कार्यकर्ते परिषदेपाशी नव्हते. मठ, पंडित आणि जहागीरदार यांच्या बळावर सभा भरते, मतदारयादी घेऊन घरोघर फिरणारा माणूस मिळत नाही. जनसंघाकडे तो संघाच्या शाखांतून येत होता.

१९७१ मध्ये परिषद जनसंघात विलीन झाली. मात्र दोन पक्षांमधील फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो १९५२ च्या त्याच राजस्थान विधानसभेत. जनसंघाच्या ८ आमदारांपैकी बहुतेकांचा जहागिरी रद्द करण्यास विरोध होता, तरी पक्षाने रद्द करण्याच्या बाजूची भूमिका सोडली नाही आणि ते आमदार गमावले. पक्षासोबत राहिलेल्या मोजक्यांपैकी एक, स्वतः राजपूत असलेले भैरोसिंह शेखावत, १९७७ मध्ये राजस्थानचे मुख्यमंत्री झाले.