ग्रेसाहेबांवरून घरोघरी भांडणं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात रोमान्स कादंबऱ्यांवर लिहिताना मी 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'चं फक्त नाव काढलं होतं, तर इनबॉक्स भरून गेला. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची साधीसुधी ॲना, २७ वर्षांचा सिएटलचा अब्जाधीश ख्रिश्चन ग्रे, आणि तो प्रेमाऐवजी तिच्यापुढे ठेवतो तो लेखी करार, की बेडरूममध्ये आणि बाहेर पण हुकूम त्याचा चालणार. ई. एल. जेम्सबाईंची कादंबरी २०११ ची, पण अजून भांडणं लावतेय.

प्रश्न: आमच्या भिशीच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एकीने तिन्ही भाग सलग संपवले, दुसरी म्हणते पहिल्या शंभर पानांतच झोप लागली. मला भाषा अगदी रटाळ वाटली पण पुस्तक खाली ठेवता येईना. बरोबर कोण? (एक वाचक, डोंबिवली)

दोघीही. भाषेची बाजू मी पण घेणार नाही बाई, नायिका सारखी ओठ चावते, तो सारखा चावू नको म्हणतो आणि तिच्या आत बसलेली कोणी 'देवी' आनंद झाला की साल्सा नाचते. पण मुळात हे 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेचं फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्याने तीच पात्रं घेऊन रचलेली गोष्ट, म्हणून नेटवर हप्त्याहप्त्याने टाकलेलं लिखाण आहे, त्यामुळे प्रकरण संपताना काहीतरी लटकत ठेवायचं हे तंत्र पक्कं आहे, आपल्या रात्री आठच्या मालिकेसारखं, शिव्या घालत बघायचं पण बघायचंच. आधी ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रकाशकाने काढलं, २०१२ मध्ये मोठ्या प्रकाशकाने उचललं आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत तिन्ही भागांच्या मिळून १० कोटींवर प्रती खपल्या. त्या दोघांचे एकमेकांना खेचणारे ईमेल मात्र मला मनापासून आवडले, तिथे ती पोरगी जरा जिवंत वाटते.

प्रश्न: बायको रात्री मोबाईलवर हे वाचते आणि मी जवळ गेलो की स्क्रीन फिरवते. काळजी करावी का? (एक वाचक, नागपूर)

नाही. ई-बुकचं कव्हर बाहेरून दिसत नाही आणि ट्रेनमध्ये, घरात, सासूसमोर वाचलं तरी कोणाला कळत नाही, हे पुस्तक एवढं खपण्यामागे हे एक मोठं कारण होतं. तुम्ही रात्री मोबाईलवर काय बघता ते ती विचारते का? अगदीच राहवत नसेल तर स्वतः वाचा. आणि तुलनेचं टेन्शन घेऊ नका, तुमच्याकडे ग्रेसारखं हेलिकॉप्टर नाही हे तिला लग्नाआधीपासून माहितीये.

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांची आहे. मला ख्रिश्चन खूप केअरिंग वाटला, ती संकटात असली की तो लगेच पोचतो. पण मैत्रिणी म्हणतात टॉक्सिक आहे, तुला कळत नाही. इतकं काय चुकीचं आहे त्यात? (कोल्हापूर)

आवडला म्हणून तुझं काही बिघडलेलं नाही, हे आधी सांगते. पण तो 'लगेच पोचतो' ते कसा, ते परत वाच. ती बारमध्ये प्यायलेली असताना त्याला फोन करते आणि पत्ता न सांगता हा हजर, कारण त्याने तिचा फोन ट्रॅक केला. त्याआधी ती जिथे काम करते त्या हार्डवेअरच्या दुकानात दोरी, टेप, केबल टाय घ्यायला हा आपला सहज उगवतो. पुढे तिची जुनी गाडी विकून टाकतो आणि दुसऱ्या भागात तर ती नोकरी करते ती कंपनीच विकत घेतो. आता त्याचे पैसे काढून घे. तुझ्या क्लासबाहेर एक मुलगा रोज बाईक लावून उभा राहतोय, तू कुठे जातेस ते त्याला न सांगता कळतंय, तर तू त्याला केअरिंग म्हणशील का निर्भया पथकाला फोन करशील? असा पाठलाग २०१३ पासून आपल्याकडे वेगळा गुन्हा आहे.

गंमत म्हणजे लोक ज्याच्यावरून नाक मुरडतात तो करारच मला त्यातल्या त्यात प्रामाणिक भाग वाटतो. तिथे ॲना एकेक कलम वाचून खोडते, व्यायाम आठवड्यातून चारदा नाही तीनदाच करीन म्हणून घासाघीस करते, नको ते नको म्हणते. तरी खऱ्या आयुष्यात असे, एकाने हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने पाळायचा असे, संबंध ठेवणाऱ्या बऱ्याच लोकांनी पुस्तकावर टीका केली ती याच मुद्द्यावर, की संमती दबावाशिवाय हवी. इथे तर गुप्ततेच्या कागदावर तिची सही आधीच घेतलेली, म्हणजे अनुभव शून्य आणि जिवलग मैत्रिणीला विचारायची पण सोय नाही.

आणि पहिल्या भागाच्या शेवटी तो पट्ट्याने मारतो तेव्हा ती त्याला सोडून जाते, हे कोणी लक्षात ठेवत नाही. माझा खरा राग पुढच्या भागांवर आहे, काही दिवसांत परत एकत्र, मग लग्न, मुलं, आणि प्रेम केलं की माणूस सुधारतो असं सगळं गोड गोड. गरम सीन वाच गं खुशाल, त्याला काही होत नाही, पण हे सुधारण्याचं प्रकरण खरं मानू नकोस.

प्रश्न: आमच्या काळी मराठीत असला चावटपणा नव्हता. तुमच्यासारखी मासिकं त्याला प्रतिष्ठा देतात. (एक ज्येष्ठ वाचक, सातारा)

काका, होता की! चंद्रकांत काकोडकरांची एक कथा १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९६९ मध्ये ते सुटले. त्याच्याही आधी र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते, त्यांच्यावर १९३४ चा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून, वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि तरी दंड झालाच. म्हणजे हा कॉलम चालवताना मला तशी परंपरा आहे, तुमच्या पत्राने ओरडाही पोचला. बाकी पुस्तक सुमार आहे असं म्हणालात तर मी तुमच्या बाजूने, पण बायकांनी असलं वाचू नये असं आडून सुचवत असाल तर नाही.

प्रश्न: आमचं छोटं खाजगी वाचनालय आहे. मेंबर मागतात, कमिटीतले दोघं विरोधात आहेत. ठेवावं का? (एक ग्रंथपाल, कोकण)

ठेवा. सिनेमाला २०१५ मध्ये आपल्या सेन्सॉर बोर्डाने सर्टिफिकेट नाकारलं होतं, पुस्तक मात्र दुकानात उघड मिळतं. २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रेव्हर्ड काउंटीच्या सरकारी लायब्ररीने ते कपाटातून काढलं, तेव्हा लोकांनी विचारलं की मग कामसूत्र कसं चालतं, आणि त्याच महिन्यात पुस्तक परत आणावं लागलं. तुम्ही १८ वर्षांखालच्यांना देऊ नका, काउंटरमागे ठेवा, बस. कमिटीतल्या दोघांनी वाचलंय का ते मात्र विचारा, मला संशय आहे. नवी कॉपी घेऊ नका, रद्दीवाल्याकडे सापडेल, २०१६ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीच्या ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेच्या दुकानात दान आलेल्या एवढ्या प्रती साठल्या की दुकानवाल्यांनी त्या प्रतींचा किल्ला रचला आणि आता आणू नका म्हणून सांगितलं. पहिला भाग दोन घ्या, तो कायम बाहेर असेल. तिसरा एकच पुरे.